कॅन्सर घराण्यात असला, तरी गोळी घराण्याची नसते

कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतो. शब्द बदलतात, मुद्दे तेच. आईला कॅन्सर झाला की मुलीला होणारच, वडिलांकडचा मात्र लागत नाही. जनुकांची तपासणी म्हणजे पैसे देऊन भीती घेणं, कारण पॉझिटिव्ह आली तरी करण्यासारखं काही नसतं. एकाच घरात, एकाच आजाराला एकच गोळी चालते. सोबत गुळवेलीचा काढा घ्यावा. आणि गोळ्यांचा त्रास झाला तर समजावं की औषध काम करतंय, नेटाने पुरा करावा कोर्स. मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. हा मजकूर खरा मानून वागलेलं घर किती मोठ्या संकटात सापडू शकतं हे मला ठाऊक आहे, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी वारशाचा. बहुतेक कॅन्सर वारशाने येतच नाहीत. साधारण ५ ते १० टक्के रुग्णांमध्येच जन्मतः आलेला जनुकीय दोष सापडतो. तो जिथे असतो तिथे आई आणि वडील दोघांकडूनही सारखाच येऊ शकतो, आणि प्रत्येक मुलाला किंवा मुलीला तो मिळण्याची शक्यता ५० टक्के असते. बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या स्तन व अंडाशयाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकांमधला दोष वडिलांकडूनही येतो. वडील स्वतः ठणठणीत असू शकतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. बीआरसीए-२ मधला दोष पुरुषांनाही सोडत नाही. प्रोस्टेटचा, स्वादुपिंडाचा, क्वचित स्तनाचाही कॅन्सर त्यांना होतो.

अशा घराण्यांना सल्ला देणारे जनुकीय समुपदेशक कागदावर निदान तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतात. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, कॅन्सर झाला असेल तर आत रंग, वारलेल्यांवर तिरकी रेघ. मावशीचं वर्तुळ पटकन भरतं. आत्याचं कोरं राहतं. ती लग्न होऊन गेली, आडनाव बदललं, चाळिशीत वारली, आणि माहेरी एवढंच सांगतात की तिच्या पोटात पाणी झालं होतं. पोटात पाणी होण्याची कारणं बरीच असतात, पण पसरलेला अंडाशयाचा कॅन्सर हे त्यातलं एक. तेव्हा आत्याच्या सासरी फोन करा. वय काय होतं, कुठे दाखवलं होतं, जुने कागद आहेत का, हे विचारा. आपल्याकडे ‘गाठ’ आणि ‘पोटाचा आजार’ म्हणून झाकलेली नावं पुढच्या पिढीला महागात पडतात.

दुसरा मुद्दा, ‘करण्यासारखं काही नसतं’. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रियांना वयाच्या ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कॅन्सर होण्याची शक्यता ७२ टक्के आणि अंडाशयाचा होण्याची ४४ टक्के आढळली. हे आकडे मोठेच आहेत, ते लपवून उपयोग नाही. पण शक्यता मोठी म्हणूनच करण्यासारखंही बरंच आहे. स्तनांची एमआरआय तपासणी पंचविशीपासून दरवर्षी करता येते. मुलंबाळं झाल्यावर, बीआरसीए-१ मध्ये दोष असेल तर ३५ ते ४० या वयात, अंडाशय आणि बीजवाहिन्या काढून टाकण्याचा सल्ला दिला जातो. लिंच सिंड्रोम, म्हणजे आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढवणारा वारशाचा दोष, असलेल्यांची दर एक-दोन वर्षांनी कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, केली तर आतड्यातला कोंब (पॉलिप) कॅन्सर होण्याआधीच काढता येतो. एक सावधगिरी मात्र हवी. अहवालात ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल लिहून आला असेल, म्हणजे तो धोक्याचा आहे की नाही हे अजून ठाऊक नसेल, तर त्या एका ओळीवरून कुणीही शस्त्रक्रिया करून घेऊ नये. चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन हवंच. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या ॲक्ट्रेक केंद्रात त्यासाठी वेगळा विभाग आहे.

आता ज्या मुद्द्यावर माझा जीव अडकतो तो. एका घरात एकच गोळी. दोघी बहिणींना अंडाशयाचा कॅन्सर झाला, तरी दोघींत तोच जनुकीय दोष असेलच असं नाही. ओलापॅरिब हे औषध अमेरिकेत २०१४ च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालं ते बीआरसीएमध्ये दोष असलेल्या अंडाशयाच्या कॅन्सरसाठी. या पेशींची डीएनए दुरुस्त करण्याची एक वाट आधीच बंद असते, औषध दुसरी बंद करतं आणि पेशी मरते. पहिली वाट शाबूत असेल तर तेच औषध बरंच कमी लागू पडतं. रक्त कमी होण्याचा त्रास मात्र होतोच.

कॅपेसिटाबिनचं तर आणखी वेगळं. आतड्याच्या आणि स्तनाच्या कॅन्सरवर ही गोळी सर्रास दिली जाते. साधारण १४ दिवस, जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत, मग ७ दिवस सुट्टी. त्या सुट्टीच्या आठवड्यात ‘राहून गेल्या’ म्हणून गोळ्या घेऊ नयेत. शरीरात या औषधाचा निचरा डीपीडी नावाचं विकर (एन्झाइम) करतं. ते कमी असणं हाही वारसाच, फक्त तो कॅन्सरचा नसून औषध पचवण्याचा. अशा माणसाला नेहमीचा डोस विषासारखा होतो. २०२० साली युरोपच्या औषध नियामकाने उपचारापूर्वी डीपीडीची तपासणी करण्याची शिफारस केली. आपल्याकडेही डॉक्टरांना तिच्याबद्दल विचारा. मात्र त्यात नेहमी तपासले जाणारे जनुकातले बदल मुख्यतः युरोपीय लोकांमध्ये शोधलेले आहेत, म्हणून अहवाल स्वच्छ आला तरी पहिल्या आवर्तनात, म्हणजे गोळ्या आणि सुट्टी मिळून होणाऱ्या पहिल्या तीन आठवड्यांत, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. वहिनीच्या उरलेल्या गोळ्या नणंदेने घेऊ नयेत, त्या यासाठी.

आणि अशक्तपणा वाटतो म्हणून घरातल्या रक्तवाढीच्या गोळ्याही विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. त्यांतल्या फॉलिक ॲसिडने कॅपेसिटाबिनचा त्रास वाढतो. कॅपेसिटाबिनसोबत रक्त पातळ करण्याची वॉरफरिन ही गोळी चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

गुळवेलीबद्दल थोडक्यात. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी ती घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. कॅन्सरची बरीच औषधं यकृतातच मोडतात. भाजीतली हळद चालते, काढे आणि कॅप्सूल डॉक्टरांना सांगितल्याशिवाय नकोत. ओलापॅरिब घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावं, पपनसही नको.

राहिला ‘त्रास म्हणजे औषध काम करतंय’. कॅपेसिटाबिन घेताना तळहात-तळपाय लाल होऊन सोलू लागले, तोंड एवढं सोलवटलं की जेवण जाईना, नेहमीपेक्षा दिवसातून चार वेळा जास्त जुलाब झाले, तर पुढची गोळी थांबवा आणि त्याच वेळी रुग्णालयाला फोन करा. डीपीडी कमी असलेला माणूस नेटाने कोर्स पुरा करायला गेला तर पहिल्याच आवर्तनात दगावू शकतो. केमो कुठलीही असो, थर्मामीटरवर १००.४ फॅरनहाइट ताप दिसला तर पॅरासिटामॉल घेऊन सकाळची वाट बघायची नाही. रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं सोबत न्यायची.