फवारणीआधी रोपवाटिका बघा

टोमॅटोवर परदेशातला विषाणू येण्याआधी तयारी हवी, हे तुमच्या लेखातलं म्हणणं शंभर टक्के पटलं. पण त्यात सगळा भर औषध फवारणीवर दिलाय, तो नको होता. २०२० मध्ये आपल्याकडे टोमॅटोवर 'तिरंगा' नावाचा रोग आला, तेव्हा फळ नीट पिकेचना, लालसर सालीवर पिवळे-पांढरे चट्टे. व्यापारी हात लावेनात. नमुने बंगळुरूला गेले, त्यात काकडी मोझॅक विषाणू निघाला. हा विषाणू मावा ही रस शोषणारी बारीक कीड पसरवते, आणि मावा सोंड खुपसून काही सेकंदांत विषाणू सोडतो, औषधानं मरायच्या आधीच! म्हणून मावा रोपांपर्यंत पोचूच नये यासाठी नाशिकच्या गिरणारे-पिंपळगाव पट्ट्यातल्या प्रत्येक रोपवाटिकेला बारीक जाळी आणि दुहेरी दार सक्तीचं करा. शिवाय तपासणीची लॅब नाशकातच हवी. अहवाल येईपर्यंत प्लॉट हातचा जातो हो.