आईसाठी की फोटोंसाठी? (सिंहगडच्या पोस्टवरच्या प्रतिक्रियेला उत्तर)

दादा (नावावरून वय कळत नाही म्हणून दादा म्हणते, चालवून घ्या),

तुमची कमेंट काल रात्री वाचली, लगेच लिहायला घेतलं होतं पण नवरा म्हणाला झोप आता, सकाळी लिही, तर सकाळी चहा घेऊन बसलेय. बाकीच्यांना संदर्भ लागेल म्हणून सांगते, आईला सिंहगडावर नेलं त्या पोस्टखाली दादांचं म्हणणं असं की गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला ऐन जुलैत घाटातून कशाला न्यायचं, दरडी पडतात तिथे, वर धुक्यात दिसलं तर काहीच नाही, तानाजींचं वर्षही चुकलंय, आणि शेवटी, "ताई, ही ट्रिप आईसाठी होती की फोटोंसाठी?"

आधी चूक मान्य. १७६० पडलं होतं, १६७० हवं. ४ फेब्रुवारी १६७०. शाळेपासून पाठ आहे हो, बोट घसरलं. दुरुस्त केलंय, आभार.

आता ते शेवटचं वाक्य. हे 'ताई' म्हणून मग चिमटा काढायचं कशाला, सरळ म्हणा ना की बाई दिखाऊ आहे. वर अकरा फोटोंपैकी दोनातच आई आहे असंही लिहिलंत. मोजलेत! अहो माझ्या आईचा फोटो काढून दाखवा तुम्ही. मोबाईल वर केला की पदर तोंडावर नाहीतर पाठ, माझ्या लग्नाच्या अल्बममध्येसुद्धा ती अर्धीच आहे सगळीकडे. हे दोन आले ते तिचा चष्मा धुक्याने पांढरा झाला होता म्हणून, मी काढतेय हे तिला दिसलंच नाही. एका हातात दह्याचं मडकं, दुसऱ्या हाताने पदराच्या टोकाने काच पुसतेय, पुसून डोळ्यावर चढवेपर्यंत परत पांढरी. तीनदा झालं असं. चौथ्यांदा तिने चष्मा काढून ब्लाऊजमध्ये खोचला आणि तशीच बसून दही संपवलं, वर बोटाने मडकं आतून पुसून. ह्याचा फोटो नाहीये माझ्याकडे कारण मी तेव्हा भज्यांचे पैसे देत होते.

आणि काहीच दिसलं नाही म्हणता ते कोणाला? आम्ही धायरीचे. आमच्या गच्चीतून गडावरचा टॉवर दिसतो, आई तो छत्तीस वर्षं बघतेय, वाळत घातलेले कपडे गोळा करताना, "टॉवर गेला, आता पाऊस येणार" म्हणत. अख्खं पुणं रविवारी आतकरवाडीतून चढून वर पिठलं-भाकरी खाऊन येतं, मी स्वतः कॉलेजात असताना पन्नासेक वेळा तरी गेले असेन, आणि दर वेळी पहाटे उठून डबा बांधून देणारी ही बाई एकदाही वर गेली नव्हती. आधी बाबांच्या शिफ्टा, मग आजी अंथरुणाला खिळलेली, मग गुडघा. त्या दिवशी पार्किंगपासून पायऱ्या एकेक करत, भिंतीला हात लावत चढली, पुणे दरवाज्यात दम खायला बसली आणि म्हणाली, "म्हणजे टॉवर जातो तो ह्या ढगात होय?" हो म्हटलं. राजगड, तोरणा, खडकवासल्याचं पाणी, सगळं मी तिला त्या पांढऱ्यातच बोट करून दाखवलं आणि ती मान डोलावत बघत होती. तुम्हाला फोटोत दिसलं नाही त्याला मी काय करू.

दरडीचं म्हणाल तर घाट चालू होता. धोका असला की बंदच ठेवतात, आम्हाला नाक्यावर रीतसर पावती फाडून सोडलंय. उतरताना एका वळणावर दोन-चार धोंडे आले होते रस्त्यात, बाजूने काढली गाडी, पावसाळ्यात घाटात असतातच. बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं हे खरं, पण हेडलाईट लावून पहिल्या गिअरमध्ये आले. एकोणीस वर्षं चालवतेय मी गाडी. विषय संपला.

तुम्ही तुमच्या आईला शेवटचं कुठे नेलंत असं विचारणार होते, पण नको, तेवढं खाली नाही उतरत मी. (विचारलंच म्हणा.)

मघाशी आईला तुमची कमेंट वाचून दाखवली. वाटलं चिडेल. तर म्हणे, "बरोबर बोलतोय की तो. धोंडे दिसले तेव्हाच मी म्हटलं होतं जरा थांब, हात कापत होते माझे." मला नाही आठवत असं काही म्हटलेलं, गाणी लावली होती गाडीत. वर म्हणाली ते चष्मा पुसतानाचे दोन्ही फोटो काढून टाक, कशी दिसतेय मी.

काढलेत. आता नऊ आहेत, परत मोजत बसू नका.