वास झाकला, बुरशी तशीच

चवथीला नेसायला पैठणी काढली, तर घडीवर हिरवट ठिपके. कपाट उघडताच कुबट वास. नवरा म्हणाला, "गोव्याचा पाऊस, आणखी काय!" इतकी वर्षं मीही हेच म्हणत आले. यंदा कपाट ओढून पाहिलं. मागची भिंत छतापर्यंत काळी. त्याच भिंतीला डोकं लावून लेक झोपते आणि जून उजाडला की शिंकत उठते.

गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, तो काही काल सुरू झाला नाही. फोंड्याजवळच्या आजीच्या चिऱ्यांच्या घरातही भिंतींना ओल यायची, पण कौलांच्या फटींतून वारा खेळायचा. (चुलीचा धूरही तिथूनच जायचा, आणि सगळा जायचा नाही. आजीचा खोकला आठवतो, म्हणून जुनं ते सोनं असं मी म्हणणार नाही.) आमच्या फ्लॅटच्या सरकत्या काचा झडीच्या भीतीने चार महिने बंद. आत एसी. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत घेतो असं मला खरंच वाटायचं! तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. चौघांचे श्वास, दोरीवरचे ओले कपडे, उकड्या तांदळाच्या पेजेची वाफ, सगळं आतच.

वर आपली भर. 2003 च्या एका अभ्यासात डासांच्या एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाल्याचं दिसलं. सासरे सिगारेट पेटवतात तेव्हा मी त्यांना बाल्कनीत पाठवते आणि पलंगाखाली कॉइल स्वतः लावते! नव्या प्लायवूडच्या वासावर आपण खूश असतो. त्याच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड सुटतं आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली ते माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातलं.

आणि कुबट वासावर आमचा उपाय काय, तर रूम फ्रेशनर अन् डांबरगोळ्या. रंगारी तर बुरशीवरच रंग मारायला निघाला होता. त्याला थांबवलं, तेव्हा वरच्या मजल्याच्या न्हाणीघराची गळती सापडली.

सोसायटीशी पत्रापत्री सुरू आहे. तोवर कपाट भिंतीपासून वीतभर पुढे, पाऊस उघडला की खिडक्या सताड उघड्या, लेकीचा पलंग हॉलमध्ये. पाहुणे विचारतात, घरात कोण आजारी आहे का? मी त्यांना कपाटामागची भिंत दाखवते.