चौऱ्याऐंशी लक्ष योनी आणि एक व्हेंडिंग मशीन

मे महिन्यात भाची आठ दिवस राहायला आली आणि पहिल्याच संध्याकाळी रिमोट तिच्या ताब्यात गेला. "मामा, तू आता माझ्यासोबत अ‍ॅनिमे बघणारेस," असा हुकूम सुटला. अ‍ॅनिमे म्हणजे जपानी कार्टून मालिका. आवाज जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. पहिली रड तिथेच. माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह, म्हणजे वरून लांबचं, खालून जवळचं. अक्षरं पडद्याच्या तळाला, म्हणून नजर आपोआप काचेच्या तळाला जाते आणि सगळं धुरकट होतं. मग हनुवटी छातीला टेकवून बघायचं. बायको म्हणाली, "अंतरपाटामागेसुद्धा इतकी मान खाली नव्हती घातली तुम्ही."

या जादूच्या मालिकांत 'इसेकाई' नावाचं एक अफाट पीक आहे. नायक इथे मरतो आणि तिकडे, चेटूक-तलवारींच्या राज्यात जन्मतो. पुष्कळदा ट्रकखाली मरतो. तो ट्रक इतका नेमाने येतो, की चाहत्यांनी त्याचं 'ट्रक-कुन' असं लाडाचं बारसं केलंय. पुनर्जन्माचं आपल्याला काय कौतुक? पण २०२३ सालच्या एका मालिकेत नायक चक्क व्हेंडिंग मशीन होतो! नाणं टाकलं की थंड पेय देतो. चौऱ्याऐंशी लक्ष योनींत ही कुठे बसते, ते एखाद्या कीर्तनकारालाच विचारावं लागेल.

दुसऱ्या एका मालिकेत ३७ वर्षांचा नोकरदार स्लाइम होतो, म्हणजे निळ्या जेलीचा गोळा. गोळा गोड आहे, तक्रार नाही. पण लवकरच तो इतका बलवान होतो की कुणी अंगावर आलं तर आपल्याला काळजी अंगावर येणाऱ्याचीच वाटते. आणि तिसऱ्या सीझनच्या सुरुवातीला बैठका. एपिसोडमागून एपिसोड, राक्षस टेबलाभोवती बसून चर्चा करतात. मी गृहनिर्माण सोसायटीचा सेक्रेटरी. लिफ्टच्या दुरुस्तीवर दोन तास घसा फोडून घरी आलो, तर पडद्यावर तोच प्रकार. फक्त तिथल्या सभासदांना शिंगं होती. आमच्याकडे ती दिसत नाहीत.

तिसऱ्या दिवशी भाचीने 'फ्रिएरेन' लावली. इथे मामला उलटा. चौघांची टोळी दहा वर्षं भटकून राक्षसराजाला मारते, ते मालिका सुरू होण्याआधीच. गोष्ट सुरू होते घरी परतताना. फ्रिएरेन ही टोळीतली जादूगारीण, हजार वर्षांहून जुनी एल्फ, म्हणजे युगानुयुगं जगणाऱ्या जातीची; तिला दहा वर्षं म्हणजे आपला चहाचा ब्रेक. पन्नास वर्षांनी ती सहज डोकावते, तर टोळीचा देखणा म्होरक्या हिमेल टक्कल पडलेला म्हातारा झालेला. तो जातो आणि अंत्यविधीत तिला रडू फुटतं, की याला जाणून घ्यायचा मी प्रयत्नच केला नाही. पहिल्याच भागात हे! माझी हनुवटी छातीवर होतीच, त्यामुळे डोळे कुणाला दिसले नाहीत.

हिची जादूही कशी, तर गोड द्राक्षं आंबट करण्याचा मंत्र. आमच्या कोपऱ्यावरचा द्राक्षवाला हे मंत्राशिवाय करतो. पेटारा दिसला की तिचा मंत्र सांगतो, ९९ टक्के हा राक्षसच. तरी उरलेल्या एका टक्क्यासाठी ती डोकं आत घालते आणि अडकून पाय झाडते. "तुम्ही माळ्यावरच्या ट्रंकेत असेच," बायको म्हणाली. तिलाही मालिका आवडू लागली होती.

दोष आहेतच. पुढे जादूगारांची परीक्षा लागते ती संपता संपत नाही, आणि एकामागून एक नवे परीक्षार्थी. मी नावं वहीत लिहून ठेवली, तरी वही हरवली की संपलं. शिवाय राक्षस म्हटला की खोटारडाच, बोलतो तो फसवायलाच. 'राक्षसातही कुणी बिभीषण असेल की,' मी म्हटलं. भाचीने पॉज केलं आणि मला परत एपिसोड सात दाखवला, राक्षस कसे फसवतात तो.

ती गेली त्या रात्री अठ्ठाविसावा भाग संपवला. साडेअकरा झाले होते. कॉलेजात आम्हीही चौघे होतो, हरिश्चंद्रगडावर पावसात गुहेत रात्र काढलेले. एकाशी सतरा वर्षं बोललो नव्हतो. नंबर शोधला, लावला. उचलला.

"अरे, मी बोलतोय. सहजच फोन केला."

बराच वेळ पलीकडे काही नाही. मग दबक्या आवाजात: "किती हवेत?"