न्हाणीघराची फरशी आपणच बसवावी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीबाळी माहेरी यायला आठ दिवस उरलेले असावेत, जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांना टेकलेला असावा आणि घरात न्हाणीघर एकच असावे. त्याची जुनी फरशी स्वतःच्या हाताने उखडण्यास याहून चांगला मुहूर्त पंचांगात सापडणार नाही. दिवसातून दोनदा अंगावर पाणी घेतल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही अशी दहा माणसे दाराशी उभी असली, म्हणजे कारागिराच्या हाताला आपोआप वेग येतो.

मिस्त्रीला बोलावण्याची चूक मात्र करू नये. तो आधी मजुरीचा आकडा सांगतो आणि तो पचतो न पचतो तोच वॉटरप्रूफिंगचा विषय काढतो. मोरीत पाणी कोंडून 48 तास तसेच ठेवायचे आणि पातळी उतरते का ते पाहायचे, असे त्याचे म्हणणे असते. ज्या गावात नळाला पाणी चौथ्या-पाचव्या दिवशी येते, तेथे चांगले पाणी दोन दिवस नुसते पाहत बसायला सांगणारा मनुष्य विश्वासास पात्र कसा समजावा? गळती असलीच, तर खालच्या खोलीचे छत ती पहिल्या पावसाळ्यात फुकट कळवते.

खरेदी करताना नेमका हिशेब करावा. न्हाणीघर 5 बाय 7 फुटांचे असेल आणि भिंतींना 7 फूट उंचीपर्यंत टाइल लावायची असेल, तर दार वजा जाता साधारण 150 चौरस फूट होतात. 12 बाय 18 इंचांची एक टाइल दीड चौरस फुटाची, म्हणजे बरोबर 100 टाइला. कापण्यात आणि फुटण्यात दहा टक्के जातात, असे सांगणाऱ्या दुकानदाराचा त्यात स्वार्थ आहे हे ओळखून 101 वी टाइल घेऊ नये. पुढे नऊ कमी पडल्या, तर त्याच नावाचा माल मोरबीहून पुन्हा येतोच. फक्त खोक्यावरचा लॉट आणि शेड नंबर निराळा असतो, आणि मग एका भिंतीवर तूप व दुसरीवर लोणी लावल्यासारखी जी छटा साधते, ती मुद्दाम ठरवून साधत नाही.

भिंतीच्या सिरॅमिक टाइला सिमेंटवर बसवायच्या असल्यास आधी पाण्यात भिजवाव्या लागतात, कारण कोरडी टाइल मसाल्यातले पाणी शोषून घेते आणि सिमेंट घट्ट होण्याऐवजी भुरभुरते. आपण भिजवू नये. पाण्याची टंचाई आहे. चिकटवण्यासाठी अॅडहेसिव्ह वापरणार असाल, तर 20 किलोची गोणी एकदमच कालवावी. वैशाखातल्या दुपारी ते घमेल्यातच दगड होऊ लागते आणि कामात चालढकल करण्याची सवय कायमची जाते. टाइलच्या पाठीवर ते सर्वत्र पसरण्याऐवजी चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक असे पाच गोळे लावावेत. मागे पोकळी राहते, पण ती लगेच दिसत नाही; पुढे कधीतरी टॉवेलची खुंटी ठोकताना ड्रिल नेमके त्या पोकळीवर पडते, तेव्हाच ती कळते.

काटकोन तपासण्याच्याही भानगडीत पडू नये. एका भिंतीवर 3 फूट, दुसरीवर 4 फूट अशा खुणा करून मधले तिरके अंतर 5 फूट भरते का, एवढेच पाहायचे असते. परंतु ज्या खान्देशात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा 1207 सालचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला, तेथल्या माणसाने भुज, कोटी आणि कर्ण टेपने मोजत बसणे आपल्या भूमीला शोभत नाही. काटकोन आपल्या रक्तातच आहे, असे धरून दारामागच्या कोपऱ्यापासून अखंड टाइलने सुरुवात करावी. मिस्त्री याच्या उलट करतो. तो अखंड टाइला समोर ठेवतो आणि कापलेले तुकडे दारामागे दडवतो. आपल्याला दडवण्यासारखे काही नसल्यामुळे, एका टोकाला चार बोटे आणि दुसऱ्या टोकाला एक बोट अशी निमुळती होत गेलेली पट्टी दार उघडताच समोर दिसली पाहिजे.

आता जमिनीकडे वळू. खरे कर्तृत्व येथेच दिसते. मिस्त्री फरशीला हात लावण्यापूर्वी दोऱ्या ताणतो आणि चारही कोपऱ्यांतून नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीकडे, दर मीटरला एक-दीड सेंटीमीटर ढाळ काढतो. हा ढाळ डोळ्यांना जाणवत नाही, फोटोत तर मुळीच येत नाही, आणि जे दिसत नाही त्याचे पैसे द्यायचे हे आपल्या मनाला पटत नाही. तेव्हा नवी स्पिरिट लेव्हल आणावी आणि तिचा बुडबुडा बरोबर मध्यावर येईपर्यंत प्रत्येक टाइल रबरी हातोड्याने ठोकावी. संध्याकाळपर्यंत जमीन कॅरमच्या पटासारखी सपाट होते. जाळी अर्धे बोट वर राहिली, तर राहू द्यावी. ती उठून दिसते. सांध्यांत ग्राउट कसेही भरले तरी चालते, कारण तेथवर येईतो कोणाचेही लक्ष ठिकाणावर नसते.

बहिणी आल्यावर कौतुक होतेच. त्याच सुमारास शेजारच्या गल्लीत कामाला आलेला मिस्त्री पाणी प्यायला म्हणून डोकावतो, तांब्यातले उरलेले पाणी फरशीवर ओततो आणि बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहून विचारतो, “भाऊ, हाई पानी कोठे जाई आते?” त्याला शांतपणे सांगावे की कोठेही जाण्याची गरज नाही, या उन्हात ते दुपारपर्यंत जागच्या जागी आटते. बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार तेवढा मागे राहतो, पण टाइलही पांढरीच घेतलेली आहे; आणि मृगाला अजून महिनाभर अवकाश आहे.