मॅट फिनिश, घरच्या घरी

काचेचे मणी घ्यायला रविवार पेठेत गेलं की एक गंमत कळते. चकचकीत मणी वजनावर मिळतात. तेच मणी जरा मलूल, दुधट, विटके दिसायला लागले की त्यांना 'मॅट फिनिश' म्हणतात आणि ते नगावर मिळतात. भावात एवढा फरक, की मी तिथल्या तिथे ठरवलं: साधे घ्यायचे आणि घरी विटवायचे.

पुडी बांधताना दुकानदार म्हणाला, "मॅडम, पुर्दिलनगरचा माल आहे. हाताने केलेला." हे पुर्दिलनगर उत्तर प्रदेशात, हाथरस जिल्ह्यात. तिथे लोखंडी सळीला माती लावून तिच्यावर वितळलेली काच गुंडाळतात आणि एकेक मणी वळतात. भोकात जी पांढरी भुकटी दिसते ती त्याच मातीची. कुणीतरी भट्टीसमोर घाम गाळून आणलेलं तेज मी दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये उतरवणार होते.

नवऱ्याला सोपा मार्ग लगेच सापडला. "काचेवर लावायचं क्रीम मिळतं. लावलं, धुतलं, झालं." मी डबीवरची बारीक अक्षरं वाचली. अमोनियम बायफ्लोराइड. "फ्लोराइड तर टूथपेस्टमध्येही असतं," हे त्याचं रसायनशास्त्र. पण टूथपेस्टमधलं दात सांभाळतं. हे कातडीतून आत उतरतं आणि शरीरातलं कॅल्शियम धरून बसतं. शिवाय इतकं सभ्य, की कधी कधी लगेच दुखतसुद्धा नाही, दुखायला लागतं काही तासांनी. याच घराण्यातलं आम्ल शेले नावाच्या स्वीडनमधल्या औषधवाल्याने 1771 साली तयार केलं, तेव्हा त्या आम्लाने त्याचं काचेचं पात्रच कुरतडलं. म्हणून असलं द्रव्य काचेत ठेवत नाहीत, प्लास्टिकमध्ये ठेवतात. जी वस्तू लोणच्याच्या बरणीत ठेवता येत नाही, ती माझ्या ओट्यावर येणार नाही, असं मी जाहीर केलं. डबी परत गेली.

मग शेजारपाजारचे सल्ले सुरू झाले. समोरच्या वहिनींनी फरशीचं अ‍ॅसिड सुचवलं. ते काचेच्या वाटेला जात नाही. मळ तेवढा निघाला आणि मणी आणखीच लखलखले. सासूबाईंनी चिंच सुचवली. त्यांच्या घरात चिंचेने न सुटणारा प्रश्न अजून जन्मायचाय. चिंचेनेही मणी लखलखले. मग रांगोळी चोळून पाहिली, पण आमची रांगोळी शिरगोळ्याची, काचेपेक्षा मऊ. मण्याला काही झालं नाही, माझी बोटं तेवढी गुळगुळीत झाली. आपल्या घरातली झाडून सगळी साधनं वस्तू चकाकवायलाच जमवलेली आहेत, हे असल्या वेळी लक्षात येतं.

"चकाकी घालवायला पैसे मोजतेस?" सासूबाई म्हणाल्या. "सूनबाई, मी जन्मभर पितळेच्या समया घासल्या."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. कार्बोरंडम होतं, म्हणजे सिलिकॉन कार्बाइडची घासायची पूड. कठीणपणाच्या एक ते दहाच्या मापावर काचेचा कठीणपणा साधारण साडेपाच धरतात, कार्बोरंडमचा नऊच्या वर. काळी, जड, उजेडात चमचमणारी पूड. मला 400 नंबरची हवी होती. त्याहून जाड घेतली तर मणी मॅट होत नाही, ओरबाडला जातो. कृती सोपी आहे: झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत मणी, पूड आणि बुडेल इतकं पाणी घालायचं आणि बरणी फिरवत राहायचं. फिरवत राहायचं यंत्र विकत मिळतं. त्याची किंमत ऐकून नवरा खुर्चीत बसला.

यंत्र घरातच निघालं. सासूबाईंची टाच दुखते आणि डॉक्टरांनी त्यांना पायाखाली बाटली घोळवायला सांगितलंय. रोज संध्याकाळी मालिका बघत त्या पाण्याची बाटली मागे-पुढे घोळवतात. मी बाटलीच्या जागी बरणी ठेवली. आत काय आहे ते सांगितलं. "खडखडते जरा," एवढंच म्हणाल्या, कारण मालिकेत नेमकं कुणाचं तरी खरं नाव उघडकीला येत होतं.

मालिका सावकाश चालते हा तिचा दोष मानतात. मण्यांच्या दृष्टीने तो गुणच. नायिकेवरचा एक आळ धुऊन निघेपर्यंत मण्यांचं भरपूर काम होतं. रहस्य उलगडत असलं की पाय जोरात चालतो, जाहिरातीत मंदावतो. खालच्या मजल्यावरचे काका एकदा दारात उभे राहिले. "तुमच्याकडे हल्ली रात्री पाट्यावर वाटतात का?" विचारून स्वयंपाकघराकडे डोकावले. त्यांना बहुधा पुरणपोळीची आशा होती.

बरणी उघडल्यावर राखाडी चिखल निघतो. तो बेसिनमध्ये ओतू नये. खाली पाइपाच्या वळणात बसतो आणि मग प्लंबर येतो, म्हणजे पुन्हा नगाचा भाव. मी कागदावर उपसते. मण्यांच्या भोकांत अडकलेली पूड तारेने काढते आणि मग मणी नळाखाली धरते.

पहिल्यांदा धरले तेव्हा सगळे पूर्वीइतकेच चकचकीत! नवऱ्याने सहानुभूतीचा चेहरा केला. पण पाणी त्या सूक्ष्म खड्ड्यांत भरतं म्हणून ओला मणी गुळगुळीत दिसतो. पंचावर पसरले, पंखा लावला, आणि कडेकडेने एकेक मणी विझत गेला. निळ्यावर साय धरली. हिरवा तर इतका सुंदर विटला, की मी तो दुकानदाराला नगाच्या भावाने विकला असता.

पहिली माळ अर्थातच सासूबाईंना. त्यांनी नाकापासून लांब धरून ती पाहिली आणि आत घेऊन गेल्या. थोड्या वेळाने गळ्यात घालून बाहेर आल्या, तर माळ झगझगत होती. त्यांनी तिला खोबरेल तेलाचा हात फिरवला होता.

"बघ," त्या म्हणाल्या, "जरा मेहनत घेतली की कसं तेज येतं."

भांड्याच्या साबणाने धुतलं की तेल जातं आणि मॅट परत येतं. हे मी त्यांना सांगणार नाहीये. पिवळे मणी अजून बरणीत आहेत आणि टाच बरी झालेली मला परवडणार नाही.