पिन हवेत लटकतेय आणि म्हणे सेन्सर खराब!

बास झालं आता! दर रविवारी कुणीतरी ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे सेन्सर वाचून मोटार चालू-बंद करणारा छोटा कंट्रोलर, घेऊन दारात हजर, "भाऊ, सेन्सर खराब निघाला." अरे सेन्सर कशाला खराब निघेल, तू पिन इनपुट केलीस, पुलअप, म्हणजे पिनला एरवी 'एक' वर ओढून धरणारा रेझिस्टर, लावलाच नाहीस, ती लटकतेय हवेत, नुसतं बोट जवळ नेलं तरी शून्याचा एक होतो!

परवा यावलकडचा एक जण. केळीच्या मळ्यातली टाकी, पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा फ्लोट स्विच, ईएसपी३२, सगळं झकास, फक्त स्विच जोडलाय ३४ नंबरच्या पिनवर. "पण कोडमध्ये इनपुट पुलअप लिहिलंय ना भाऊ!" लिही की, सातबाऱ्यावर पण लिही! ३४ ते ३९ ला आतून पुलअप नाहीच, बाहेरून १० के चा रेझिस्टर लावावा लागतो, पण कोड कसा मुकाट्याने कंपाइल होतो, चकार शब्द नाही. मग रात्री दोनला मोटार आपोआप चालू बंद चालू बंद, आणि शेजारचा बांधावरून ओरडतो, "काय व्हयनं भो?" भूत व्हयनं, दुसरं काय!

वर ते स्वस्तातले रिले, म्हणजे बोर्डाच्या हुकमावर मोटार चालू-बंद करणारे स्विच, बरेचसे लो, म्हणजे शून्य दिलं की चालू होणारे. तसला रिले १२ नंबरच्या पिनवर लावला आणि बोर्ड चालू होताना ती पिन वर, म्हणजे एकवर ओढलेली असली, की बोर्ड बूटच होईना. ६ ते ११ तर बोर्डाच्या फ्लॅश मेमरीने आधीच अडवलेल्या. मग एवढ्या पिना दिल्यातच कशाला, शोभेला?

आत्ता परत त्याचाच फोन. "भाऊ, ३४ सोडली. ३५ वर लावू का?"